जेवणाआधीची प्रार्थना

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, लाइप्त्सिगजवळ आयलेनबुर्ग नावाचं एक गाव आहे. मार्टिन रिंकार्ट तिथलेच. १६१७ मध्ये ते आपल्या जन्मगावी पाळक म्हणून रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी तीस वर्षांचं युद्ध पेटलं. गावाला तट होता. तटाच्या आत जीव वाचेल या आशेनं आसपासची माणसं तिथे येऊन दाटीवाटीनं राहू लागली. त्यांच्या पाठोपाठ रोगराई आली.

१६३७ मध्ये प्लेगनं कहर केला. मुख्य पाळक गाव सोडून गेले, ते परतले नाहीत. गावातले दोन पाळक साथीत गेले. त्यांना रिंकार्टनीच मूठमाती दिली. मग सगळा भार एकट्या त्यांच्यावर आला. कधीकधी दिवसाला चाळीस-पन्नास अंत्यविधी असत. त्या वर्षात त्यांनी चार हजारांहून जास्त माणसांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. त्यांतली एक कबर त्यांच्या पत्नीची होती.

साथ ओसरते न ओसरते तोच दुष्काळ पडला. मेलेल्या मांजरासाठी, कावळ्यासाठी माणसं रस्त्यात एकमेकांच्या अंगावर धावून जात. रिंकार्टांच्या दाराशी भुकेल्यांची रीघ लागे. घरापुरतं जेमतेम ठेवून उरलेलं ते वाटून टाकत. शेवटी स्वतःच्या मुलांच्या अन्नवस्त्रासाठी त्यांना पुढच्या काही वर्षांचं उत्पन्न गहाण टाकावं लागलं.

याच युद्धकाळात रिंकार्टांनी जेवणाच्या वेळी म्हणायची एक लहानशी प्रार्थना रचली. ती होती उपकारस्तुतीची. आजही जगभरच्या चर्चमध्ये ती गीत म्हणून गातात. गाणाऱ्यांतल्या पुष्कळांना वाटतं, हे कुणा सुखी माणसानं भरल्या घरात बसून लिहिलं असेल.

पुढे एका स्वीडिश सेनापतीनं गावाकडे तीस हजार थालर खंडणी मागितली. उपाशी गाव एवढा पैसा आणणार कुठून? रिंकार्ट काही गावकऱ्यांना घेऊन छावणीवर गेले. विनवण्या केल्या, पण सेनापती ऐकेना. तेव्हा ते सोबत्यांकडे वळले आणि म्हणाले, माणसांकडे दाद लागत नाही, तर आपण देवाकडे जाऊ. तिथेच गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. ती ऐकून सेनापतीचं मन द्रवलं आणि खंडणी दोन हजार गुल्डेनवर आली, असं सांगतात.

रिंकार्टांनी प्लेगबद्दल देवाचे आभार मानले नाहीत. पत्नीच्या जाण्याचं दुःख त्यांनी नाकारलं नाही. पण समोरची भाकर देवानं दिली आहे, हे ते विसरले नाहीत. जे मिळालं ते देणगी आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला त्यातलं दुसऱ्याला देताना जड जात नाही. आणि रोज देवाशी बोलणाऱ्याला संकटाच्या घडीला प्रार्थनेसाठी शब्द शोधावे लागत नाहीत.

तात्पर्य : संकट सरल्यावर आभार मानू, असं म्हणत थांबू नये. आज ताटात जे आहे त्याबद्दल उपकारस्तुती करावी, त्यातलं शेजाऱ्याला द्यावं आणि बाकीचं प्रार्थनेत देवावर सोपवावं. ख्रिस्ती माणसाचा आनंद परिस्थितीवर नव्हे, देवावर उभा असतो. म्हणून तो दुःखातही टिकतो.