पुष्टीविना, पुष्टीसह

विश्रांतवाडीच्या चौकातून येरवड्याकडे निघालं की थोड्याच वेळात कारागृहाची भिंत लागते. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी तिच्याआड जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या चौघांना फाशी झाली. जक्कल, सुतार, जगताप, शहा ही नावं पुण्याच्या तोंडी अजून आहेत. त्यांचा एक वर्गमित्र या खूनसत्रातल्या पहिल्या खुनात सामील होता. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याच्या सुटकेचा अनेकांना राग येतो, तो मला समजतो. मला छळतो तो वेगळा प्रश्न. बोलण्याच्या बदल्यात ज्याचा स्वतःचा जीव वाचणार आहे, त्याच्या शब्दावर दुसऱ्याचा जीव घ्यावा का?

अशा साक्षीतला धोका नुसत्या खोटेपणाचा नसतो. साथीदाराला सगळं खरंच माहीत असतं: वेळ, दोरी, सुरी, कोण कुठून शिरलं. हे सगळं तो अचूक सांगू शकतो आणि त्यात एकच नाव खोटं घालू शकतो. बाकीचा तपशील कितीही पटला, तरी त्याने ते नाव खरं ठरत नाही.

म्हणून ज्युरी होती तेव्हा न्यायाधीश तिला बजावत असत: नुसत्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा देण्याची कायद्याने मुभा आहे, पण ते जोखमीचं आहे. नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी रामेश्वर खटल्यात यापुढचं पाऊल टाकलं. ज्युरी नसेल तिथे ही सावधगिरी न्यायाधीशाच्या मनात होती, हे निकालपत्रातून दिसायला हवं, असं त्यांनी लिहिलं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ज्युरीची उरलीसुरली जागाही काढून घेतली. तेव्हापासून बजावणारा आणि ऐकणारा एकच. स्वतःला बजावणं सर्वांत अवघड, विशेषतः सगळं शहर फाशी मागत असताना.

ते जमतं, याचा दाखला गांधीहत्येच्या खटल्यात आहे. दिगंबर बडगे हा पुण्यातला शस्त्रविक्रेता माफीचा साक्षीदार होता. न्यायाधीश आत्मा चरण यांना तो विश्वासार्ह वाटला. तरीही सावरकरांबाबत त्याच्या सांगण्याला स्वतंत्र आधार, म्हणजे पुष्टी, मिळाला नाही, म्हणून १० फेब्रुवारी १९४९ला त्यांना निर्दोष सोडण्यात आलं. त्याच निकालात गोडसे आणि आपटे यांना फाशीची शिक्षा झाली. त्या निकालावरचे वाद आजही चालू आहेत, पण पद्धत मला मोलाची वाटते: साक्षीदार एकच असला, तरी पुष्टी प्रत्येक आरोपीपुरती वेगळी शोधायची. १९६२ साली भिवा दौलू पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्टपणे सांगितलं.

आता कायद्याचा शब्दच बदलला आहे. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणत होतं की साथीदाराच्या साक्षीवर पुष्टीविना दिलेली शिक्षा बेकायदा नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८मध्ये ‘पुष्टीविना’च्या जागी ‘पुष्टीसह’ आलं. मला हा बदल योग्य वाटतो. पण पुष्टी कसली, कोणाविरुद्ध, किती, हे कलम सांगत नाही. एखादी जप्त झालेली दोरी दाखवून पुष्टी झाली म्हणायचं, आणि आरोपीचा त्या दोरीशी संबंध तपासायचाच नाही, ही भीती उरतेच.

माफीच्या साक्षीदाराची स्थितीही पाहायला हवी. आधीपासून जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत तो कोठडीतच असतो. माफीची अट त्याने मोडली, म्हणजे काही दडवलं किंवा खोटं सांगितलं, तर मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालू शकतो. पहिल्या जबाबात त्याने एखादं नाव चुकीचं घेतलेलं असेल, तर ते मागे घेताना त्याला स्वतःचा फास दिसत असतो.