साथ देणाऱ्याचे स्वातंत्र्य

दुसऱ्याला जागा करून दिली की आपली जागा कमी होते, असा एक हिशेब आपल्या मनात कायमचा मांडलेला असतो. बांध एका हाताने सरकला की शेजाऱ्याचे शेत तेवढेच आक्रसते. स्वातंत्र्याचेही तसेच आहे, असे आपण धरून चालतो. माझे स्वातंत्र्य तुझ्या सीमेपाशी संपते आणि तुझे माझ्या सीमेपाशी. कज्जेखटल्यांत हे सूत्र उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु जेथे माणसे एकत्र येऊन काही निर्माण करू पाहतात, तेथे ते पुरे पडते काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी प्रकाश सापडला. ते ठिकाण म्हणजे जॅझ संगीतातील गिटार, आणि दोघातिघांनी मिळून केलेली तिची काही ध्वनिमुद्रणे.

जॅझचे वादक बहुधा एखादे परिचित गीत घेतात. त्या गीताच्या सुरावटीखाली स्वरसंघांचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांचा, एक ठरावीक क्रम असतो. पुष्कळ गीतांत तो चार-चार मात्रांच्या ३२ खंडांचा असतो आणि संपला की आवर्तनासारखा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. या चौकटीत वादक आयत्या वेळी नवी सुरावट रचत जातो. आपले गवई जिला उपज म्हणतात, तिचीच ही बहीण. विशेष असा की येथे साथ करणाऱ्याच्या हाती स्वरसंघ असतात, आणि ते कोणत्या अंगाने मांडायचे हे तोही त्याच क्षणी ठरवतो. त्याच्या निवडीवर पुढच्याची वाट उजळते किंवा बंद होते. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या परंपरेत कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकाच वेळी उपज करीत. किंग ऑलिव्हर यांच्या संचाच्या १९२३ सालच्या ध्वनिमुद्रिकांत ही सामूहिक उपज आजही ऐकता येते. पुढे एकल वादनाचे माहात्म्य वाढले. एकाने पुढे यावे, बाकीच्यांनी मागे राहावे, अशी रीत पडली.

या रीतीत गिटारच्या वाट्याला मागची जागा आली, आणि तिचे कारण अगदी साधे होते: तिचा आवाज लहान. कर्णे वाजू लागले की तारांचा झंकार बुडून जाई. काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन यांनी १९३७ पासून १९८७ पर्यंत गिटार वाजवली. त्यांचे काम बहुतांशी एकच, प्रत्येक खंडात चार आघात. ते ऐकू येण्यापेक्षा जाणवतच अधिक. पण साऱ्या वृंदाची लय त्यांच्यावर उभी असे. पॅरिसमध्ये १९३४ साली जँगो राइनहार्ट यांनी व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्यासह निराळा मार्ग काढला. त्यांच्या पंचकात कर्णा नव्हता, ड्रमही नव्हता. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास. १९२८ मध्ये लागलेल्या आगीत जँगोंच्या डाव्या हाताची दोन बोटे जायबंदी झाली होती, तरी त्यांची गिटार पुढे आली आणि तळपली. मात्र उरलेल्या दोन गिटारवादकांचे काम ठेका धरण्याचेच राहिले.

नंतर वीज आली. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हे तरुण वादक बेनी गुडमन यांच्या संचात दाखल झाले. त्यांची गिटार अँप्लिफायरला जोडलेली होती, आणि सॅक्सोफोनप्रमाणे लांब पल्ल्याच्या सुरावटी त्या तारांतून प्रथमच सर्वांना स्पष्ट ऐकू आल्या. १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. पण त्यांनी गिटारला वाणी दिली होती. ‘ग्रँड स्लॅम’ या ध्वनिमुद्रिकेतील त्यांचे वादन १३ वर्षांच्या एका मुलाच्या कानी पडले आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. ते होते जिम हॉल (१९३०-२०१३).

आता नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. ज्याला आवाजच नव्हता तो गप्प होता, यात सद्गुण कोणता? सद्गुणाला निवड लागते. हॉल यांच्या पिढीच्या हाती ती निवड आली. आवाजाची कळ फिरवली की इतरांना बुडवता येत होते. हॉल यांनी मात्र आवाज जाणूनबुजून बेताचा ठेवला. त्यामुळे भोवतालच्यांनाही कान देणे भाग पडले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅरिनेट व सॅक्सोफोनवादक जिमी जुफ्री यांच्या त्रिकुटात हॉल होते. १९५८ मध्ये या त्रिकुटात तिसरे बॉब ब्रुकमायर यांचे ट्रॉम्बोन होते. ड्रम नाही, डबल बासही नाही. मग लय सांभाळायची कोणी? उत्तर एकच: सर्वांनी. एरवी ड्रमवाल्यावर सोपवून मोकळे होता येते, ती जबाबदारी प्रत्येकाला स्वतःच्या अंतरात वाहावी लागली. बाहेरचा ठोका काढून घेतला की माणसे बेताल होतात, असा आपला समज असतो. येथे ती अधिक सावध झाली.

१९६२ साली हॉल यांनी दोन महत्त्वाच्या ध्वनिमुद्रणांत भाग घेतला. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स यांच्या ‘द ब्रिज’मध्ये पियानो नव्हता, स्वरसंघांचा सारा भार गिटारवर होता. तो भार हॉल यांनी मोजक्या स्वरांत पेलला आणि रॉलिन्स यांना भरपूर अवकाश ठेवला. दुसरे ध्वनिमुद्रण पियानोवादक बिल एव्हान्स यांच्याबरोबरचे ‘अंडरकरंट’. येथे दोघेच होते. पियानो आणि गिटार ही जोडी तशी अवघड. दोन्ही वाद्ये स्वरसंघ वाजवणारी. दोघांनीही आपले सर्व सामर्थ्य वापरले तर एका दारातून दोघांनी एकदम शिरावे तशी गत होते.

एव्हान्स यांच्या पाठीशी तेव्हा एक मोठे दुःख होते. स्कॉट लाफारो (डबल बास) आणि पॉल मोशन (ड्रम) यांच्यासह त्यांनी असे त्रिकूट घडवले होते, की ज्यात बास नुसता पाया न राहता बरोबरीने संवाद करी. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये त्यांचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि ६ जुलै रोजी मोटार अपघातात लाफारो गेले. वय २५. एव्हान्स यांचे वादन काही काळ जवळजवळ थांबले. अशा माणसासमोर हॉल १९६२ च्या वसंतात बसले.

‘माय फनी व्हॅलेन्टाइन’ हे एरवी संथ वाजवले जाणारे गीत त्यांनी द्रुत लयीत घेतले. एव्हान्स पुढे येतात तेव्हा हॉल एका टप्प्यावर सुरावट सोडून देतात आणि केवळ ठेका धरतात, तारांचा कोरडा, नेमका झंकार, फ्रेडी ग्रीन यांच्या धर्तीचा. हॉल पुढे येतात तेव्हा एव्हान्स पियानोचे सारे वैभव आवरून बासाची पावले टाकतात. ऐकताना वाटत राहते, की जो मागे आहे तोच पुढच्याला इतका निर्भय करीत आहे. पाठीशी ठेका अढळ आहे म्हणूनच पुढच्याला भलत्या वाटेने जाण्याचे धाडस होते. येथे एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या सीमेपाशी संपत नाही. ते दुसऱ्याच्या लक्ष देण्यातून जन्माला येते. एव्हान्स यांनी माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ सालच्या ध्वनिमुद्रिकेसाठी टिपण लिहिले होते. सामूहिक उपजेत तंत्राच्या अडचणीपलीकडे एक मानवी गरज असते, सर्वांनी एका समान फलासाठी वाकण्याची, असा त्याचा आशय आहे.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. ‘वाकणे’ हा शब्द फार सोयीचा आहे, आणि त्याचा लाभ बहुधा न वाकणाऱ्यांना होतो. कोणी विचारील: नेहमी मागे राहणाऱ्याचे काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर याच ध्वनिमुद्रणात आहे. पहिली गोष्ट, मागे सरणारा बोलू शकत होता. दुसरी, पाळी फिरली. ज्याने साथ घेतली त्याने साथ दिलीही. तिसरी, पुढे असलेल्याने साथीकडे कान दिला. तिच्यामुळे आपला मार्ग बदलू दिला. या तीन गोष्टी असतील तर मागे राहणे हे दान आहे. त्या नसतील तर ते केवळ दबून राहणे आहे, त्याला कितीही गोड नाव द्या.

ज्या सुनेचे मत घरात कधी कोणी विचारलेच नाही, तिच्या मौनाला सोशिकपणा म्हणून गौरवणे सोपे असते. सभेत ज्याला बोलायची पाळीच येत नाही, त्याला विनयशील म्हणणेही सोपे. नम्रतेचा उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. तो उपदेश ज्याच्या हाती आवाजाची कळ आहे त्याला करावा. ज्याला आवाज नाही, त्याला आधी आवाज मिळवून द्यावा. मग तो केव्हा थांबायचे ते आपले आपण ठरवील.

कुटुंब असो, संस्था असो, की दोन मित्रांचा संवाद असो, आपण सारे आयत्या वेळीच वाजवत असतो. लिहिलेली पूर्ण प्रत कोणाहीपुढे नसते आणि वाजलेला स्वर परत घेता येत नाही. अशा वेळी स्वतःला विचारण्याजोगा प्रश्न ‘मी किती जागा व्यापली?’ हा नाही, आणि ‘मी किती सोडली?’ हाही नाही. माझ्या शेजारचा माणूस माझ्यामुळे अधिक मोकळा झाला काय, आणि उद्या माझी पाळी येईल तेव्हा तो ठेका धरील काय, एवढेच पाहावे.