देऊळ फिरले, ते कोणत्या पानावर?

औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरले, ही कथा हिंगोलीच्या मुलुखात बालपणी ज्याच्या कानी पडली नाही असा मनुष्य विरळा. आणि नंदी देवळाच्या मागल्या अंगास आहे, हे बोटाने दाखवून वडीलधारी माणसे ती पटवूनही देतात. या प्रांताचा इतिहास छापावयास बसलेल्या प्रकाशकाला कागदाची आणि छपाईची विवंचना असतेच. परंतु त्याच्या धर्मबुद्धीची कसोटी लागते ती ही कथा कोणत्या पानावर घालावी, या प्रश्नापाशी. ती घडलेली हकीकत म्हणून छापणे हा सत्याचा अपराध, आणि भाकडकथा म्हणून गाळणे हा ज्या लोकांचा इतिहास आपण लिहितो त्यांच्याच अंतःकरणाचा अनादर. देवळाचा खालचा कोरीव पाषाण यादवकालाची आणि वरचे बांधकाम उत्तरकालाची साक्ष देते. ती साक्ष एका प्रकरणात यावी, कथा दुसऱ्या प्रकरणात यावी, आणि दोहोंमधील भिंत प्रकाशकाने कोणाच्याही भिडेखातर पाडू नये.

यावर श्रद्धाळू विचारतात की, अशा चिकित्सेने भक्ती उणावणार नाही काय? मला तसे वाटत नाही. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सांगितले, त्या बोधाला सनदेची वा शिलालेखाची गरज कोठे आहे? शिवाय पाठचिकित्सा ही काही परक्यांची आणलेली विद्या नव्हे. पैठणच्या एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जुळवून अशुद्ध पाठ दूर केले, ते ज्ञानेश्वरांवरील प्रेमापोटीच; पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बीडकडे सापडलेली जुनी प्रत 1909 साली छापली, तेव्हा लोकांच्या ओठांवर रुळलेल्या पाठाशी ती जुळत नाही म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. याच राजवाड्यांनी गावोगावची मोडी दप्तरे धुंडाळून 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. या श्रमाला मी ऋषिऋणाची फेड म्हणतो.

हिंगोलीच्या बाबतीत हे ऋण अधिक जड आहे. 1948 पर्यंत निजामी अंमल, सरकारदरबारची भाषा प्रथम फारसी आणि मग उर्दू. त्यामुळे गावाच्या इनामाची, वतनाची, शेतसाऱ्याची कथा गावकऱ्याला वाचता न येणाऱ्या लिपीत पडून राहिली. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली नसती, तर आपल्याच मुलुखाविषयी दुसऱ्याने लिहिलेले आपणांस कळलेही नसते. 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा आता आपल्या नावाने आपला इतिहास मागू शकतो. पण तो छापावयाचा तर कागद हाती यावा लागतो, आणि घरातील जीर्ण पोथ्या व जुन्या कागदांचे रुमाल पवित्र म्हणूनच नदीत सोडण्याची आपली रीत आहे. तेव्हा वाचकांस माझी विनंती एवढीच की, माळ्यावरचा रुमाल कयाधूच्या पाण्यात सोडण्यापूर्वी मोडी आणि फारसी जाणणाऱ्या एखाद्या माणसाला तो एकदा उघडून दाखवावा.