पासापुरतं हिमोग्लोबिन

आत्या निवृत्त गणितशिक्षिका. भाचा डॉक्टर, पण तिच्यावर उपचार करणारा नव्हे; म्हणूनच हा वाद होऊ शकला. तिसऱ्या केमोनंतर आत्याचं हिमोग्लोबिन ७.६ आलं होतं.

"सातच्या खाली गेलं की रक्त चढवतात, हृदयविकार असेल तर आठच्या. तू अजून वर आहेस, आत्या."

"म्हणजे ३५ला पास! अरे, ३५ मिळवलेल्या पोराला गणित येतं असं मी कधी मानलं नाही. जिन्यात दोनदा टेकते मी. ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

"हा आकडा अभ्यासांतून आलाय. पूर्वी दहाच्या खाली आलं की सर्रास रक्त द्यायचे. नंतर दिसलं, हात आखडता घेतला तरी जास्त माणसं दगावत नाहीत."

"कुणावर केले हे अभ्यास?"

"बरेचसे आयसीयूतल्या नाहीतर ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर."

"मग मोजलं काय, तर मुख्यतः माणूस जगला की गेला. माझा प्रश्न जिन्याचा आहे."

"रक्त म्हणजे टॉनिक नव्हे गं. ताप येतो, तुझ्या वयात फुप्फुसात पाणी साचू शकतं. आणि एका पिशवीनं वाढणार जेमतेम एक. पुढची केमो ते परत खाली आणणार."

"रक्त वाढवायचं इंजेक्शन असतं ना?"

"एरिथ्रोपोएटिन. त्यानं गुठळ्यांचा धोका वाढतो, काही कॅन्सरांत आयुष्य घटल्याचंही दिसलंय. तुझी केमो बरं करण्यासाठी आहे. अशा वेळी ते टाळतात. शिवाय मे महिना. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्ताचा तुटवडा. तुझी पिशवी एखाद्या बाळंतिणीला लागेल."

इथे भाचा घसरला असं मला वाटतं. टंचाईचा हिशेब रक्तपेढीनं आणि रुग्णालयानं करावा; दमलेल्या बाईच्या उशाशी बसून अनोळखी बाळंतीण पुढे करणं म्हणजे तिचं तोंड बंद करणं. आत्या मात्र त्यावर खरोखरच विचार करत बसली.

"तिचा हक्क माझ्याआधी, कबूल. पण वाटणी करताना माझा दम शून्य धरू नकोस. उद्या मी डॉक्टरांना विचारणार: एकच पिशवी, सावकाश. मग जिना चढून बघेन. फरक नाही पडला तर परत मागणार नाही."

"आणि पडला तर?"

"तर पुढच्या केमोनंतर पुन्हा भांडू."