रस्ता कोणाचा?



बाजारात चालणाऱ्यांसाठी कडेची जागा मोकळी ठेवावी, सायकली लावायची सोय करावी, एस.टी.चा थांबा जवळ आणावा, असे कोणी सुचवले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "मग गिऱ्हाइकाने गाडी लावायची कुठे?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याला दुकानाचे भाडे आहे, कर्जाचे हप्ते आहेत. त्याची भीती खरी आहे. पण भीती खरी असली म्हणजे तिच्यामागचा हिशेबही खरा असतो, असे नाही.

जर्मनीतील बर्लिन शहरात दोन बाजाररस्त्यांवर हा हिशेब तपासला गेला. 2021 साली तो प्रसिद्ध झाला. शंभरातली किती गिऱ्हाइके मोटारीने येतात, असे विचारल्यावर दुकानदारांचा अंदाज सुमारे 22 निघाला. गिऱ्हाइकांनाच विचारले, तर उत्तर 7 हूनही कमी आले. जे दुकानदार स्वतः मोटारीने येत, त्यांचा अंदाज तर आणखी मोठा होता. आपण जसे येतो, तसेच सगळे येतात असे माणसाला वाटते.

सिंदेवाही म्हणजे बर्लिन नव्हे. पण चूक कशी होते, हे आपल्यालाही समजते. दारापुढे उभी असलेली गाडी दिसते. पायदळ आलेल्याची कसलीच खूण उरत नाही. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत आहे. खेड्यावरून आलेली बाई साडी घेते, तेव्हा तिची पिशवी दिसते, तिची बस दिसत नाही.

म्हणून विरोध किंवा पाठिंबा देण्याआधी मोजावे. पुण्यात 11 डिसेंबर 2021 रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवला होता. एक दिवस करून पाहायला फार मोठे धाडस लागत नाही. आपल्याकडचा दुकानदार त्याहून सोपे काम करू शकतो. बाजाराच्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावे, "कसे आलात?" आणि वहीत एक रेघ ओढावी.

आता समजा, मोजल्यावर गाडीवालेच जास्त निघाले. मग चालणाऱ्याचा हक्क संपला का? इथे प्रश्न धंद्याचा राहत नाही, न्यायाचा होतो. शाळेत जाणारे लेकरू काहीच विकत घेत नाही. म्हणून त्याने ट्रकला घासून चालावे का? पदपथावरून निर्धास्त चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली सांगितले. हा हक्क खिशातल्या पैशांवर ठरत नाही.

आपल्यात दुकानदार आहेत, गाडीवाले आहेत आणि पायदळ येणारेही आहेत. दुकानदाराच्या पोटाची काळजी आपण सर्वांनी करावी. आणि त्यानेही आपल्या दारावरून काही न घेता जाणाऱ्या माणसाला वाट द्यावी. तोही आपला शेजारीच आहे.