बिंदू कोणाचा?

अक्कलकोट तालुक्याची पूर्व आणि दक्षिण बाजू कर्नाटकाला लागलेली आहे. इथे भजनाला बसले की एक अभंग मराठीत होतो आणि पुढचे पद कानडीत. गाणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. पण कानडी लिपी न येणारा पेटीवाला ते पद वहीत देवनागरीत उतरवून घेतो, तेव्हा एक बारीक गळती होते. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, तसेच ‘ओ’चेही. आपल्या रोजच्या देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा. वही लिहिणाऱ्याला फरक कानाने ठाऊक असतो, त्याचे काही अडत नाही. अडते ते त्याच्या नातवाचे.

हे आठवायला निमित्त झाले अशाच एका मंडळात पेटी वाजवणाऱ्या मुलाचे. त्याने एक चाल लॅपटॉपवर बसवली आणि पुण्यातल्या मित्राकडे पाठवली. ह्याचे विंडोज, मित्राचे मॅक. फाइल उघडली. कुठेही चूक झाल्याचा संदेश आला नाही. फक्त टाळ वाजेना, मींड सपाट झाली, आणि काळी एकमध्ये बांधलेल्या त्या चालीच्या पानावर शार्पच्या चिन्हांचे जाळे पसरले. मित्राने फोन करून विचारले, “अरे, तू हे असेच केले आहेस का?”

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. फाइल उघडलीच नसती तर निदान दोघांना कळले असते की काहीतरी बिघडले आहे.

एकाकडचे संगीत दुसऱ्याकडे नेण्याची खटपट संगणकाच्या फार आधीची आहे, आणि तिचा ठळक नमुना मराठी माणसांनीच घालून दिला. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि शिकवण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली. मुंबईच्या विष्णु नारायण भातखंड्यांनी जमवलेल्या चिजा छापण्यासाठी वेगळी लिपी योजली. दोघांचेही नाव विष्णू, दोघांचाही हेतू एकच, की गुरूच्या गळ्यातले कागदावर यावे. लिप्या मात्र जुळत नाहीत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू दिला की तो तार सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू, त्याच जागी, मंद्र सप्तक दाखवतो. भातखंडे सम गुणाकाराच्या फुलीने दाखवतात. पलुस्करांकडे अधिकचे चिन्ह आहे, पण ते तालातल्या ‘खाली’चे. घाईत लिहिलेल्या वहीत ही दोन चिन्हे वेगळी ओळखून दाखवावीत!

म्हणजे एका पद्धतीचे पान दुसऱ्या पद्धतीने वाचले तर ते वाचता येते. हीच तर पंचाईत आहे. अडखळायला होत नाही, गाणे दोन सप्तके इकडचे तिकडे होते आणि वाचणारा समजतो की चीजच विचित्र आहे.

संगणकाच्या जगात पहिली मोठी तडजोड 1983 साली झाली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. त्या बोलीचे नाव मिडी. ती इतकी साधी होती की आजही टिकून आहे, आणि साधी आहे म्हणूनच तिच्यात आपले बरेच काही मावत नाही. मिडीला पट्टीचा क्रमांक कळतो. मधली पांढरी एक म्हणजे साठ, काळी एक म्हणजे एकसष्ट. षड्ज कोणता, हे तिला कळत नाही. म्हणून काळी एकमधली चाल दुसऱ्या प्रोग्रामने पाश्चात्त्य लिपीत उतरवली की साक्षात ‘सा’लाच शार्प लागतो. ज्याला आपण अचल स्वर म्हणतो तो पानावर विकृत होऊन बसतो.

मींडेचे हाल तर मोजून दाखवता येतात. मिडीत स्वर वाकवायला 16,384 पायऱ्या आहेत, पण त्या सगळ्या मिळून किती अंतर कापायचे हे वाजवणाऱ्या वाद्याने ठरवायचे. सांगितले नाही तर सहसा वर दोन आणि खाली दोन अर्धस्वर धरले जातात. मुलाने ते बारा अर्धस्वरांवर ठेवले असेल आणि मित्राच्या प्रोग्रामने ती सूचना वाचली नसेल, तर ‘सा’पासून पंचमापर्यंत जाणारी मींड कोमल रिषभाच्या जरा पुढे जाऊन थांबते.

टाळ का गेले, याचे कारण त्याहून क्षुल्लक. मुलाने टाळांचा आवाज स्वतः ध्वनिमुद्रित केला होता. प्रोग्रामने चालीच्या फाइलमध्ये तो आवाज न ठेवता फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवला, आणि पत्ता ‘सी ड्राइव्ह’पासून सुरू होणारा. मॅकवर किंवा लिनक्सवर सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. आवाजाची फाइल शेजारी पडलेली असूनही ती सापडत नाही. फाइलच्या नावात ‘वारकऱ्यांची’ असा शब्द असेल तर आणखी एक गंमत. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी जोडी करून. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नावे फोडून दुसऱ्या तऱ्हेने ठेवत असे. डोळ्यांना दोन्ही नावे तंतोतंत सारखी, यंत्राला वेगळी. पडद्यावर समोर दिसणारी फाइल ‘मिळाली नाही’ असे यंत्र सांगते तेव्हा माणूस स्वतःलाच अडाणी समजू लागतो.

यावर नेहमीचा सल्ला असा, की सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर वापरावे. पण तेच बंद पडले तर? फिनाले हा स्वरलेखनातला मातब्बर प्रोग्राम. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने पस्तीस वर्षांनंतर त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. त्यात आयुष्यभराचे काम साठवलेल्या संगीतकारांना ते दुसरीकडे हलवण्याचा मार्ग होता तो म्युझिकएक्सएमएल. मायकेल गुड यांनी रचलेला आणि 2004 मध्ये पहिली आवृत्ती निघालेला हा खुला नमुना कोणत्याही एका यंत्रप्रणालीच्या मालकीचा नाही. मोफत मिळणारा म्युझस्कोर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो वाचतो. तेव्हा खुला नमुना हवाच. पण तोही पाश्चात्त्य पानाभोवती बांधलेला आहे. रूपक तालाची सम ‘खाली’वर येते, हे लिहायला त्यात सोयीची जागा नाही.

आयात सोपी करणे म्हणजे दोन क्लिकचे काम एका क्लिकमध्ये करणे, असे प्रोग्राम लिहिणारे पुष्कळदा धरून चालतात. मला उलट वाटते. काही ठिकाणी आयात थोडी अवघड, निदान थोडी बोलकी व्हायला हवी. पत्ता चुकला तर आधी शेजारच्या फोल्डरमध्ये शोधावे. तिथे प्रश्न विचारायची गरज नाही, ते ओझे यंत्रानेच उचलावे. पण षड्ज कोणता, मींड किती लांबीची, हे ठाऊक नसेल तर अंदाज बांधून गप्प बसू नये. विचारावे. न कळलेले चिन्ह टाकून न देता जसेच्या तसे बाजूला ठेवावे, म्हणजे फाइल परत मूळ प्रोग्राममध्ये गेली की ते जागेवर सापडेल. आज बहुतेक ठिकाणी जे समजत नाही ते पहिल्या ‘सेव्ह’ला पुसले जाते. याने वापरणाऱ्याला त्रास होईल, असा आक्षेप येतो. होईल, एक प्रश्न वाचण्याइतका.

जुने बुवा हेच करतात. अनोळखी वही पुढ्यात आली की ते पेटीला हात लावण्याआधी विचारतात, “कोणाच्या हातची आहे?” बिंदूचा अर्थ त्यानंतर ठरतो.

त्या मुलाने आता स्वतःपुरती वाट काढली आहे. तो एकाच झिपमध्ये चार गोष्टी पाठवतो: मिडी, टाळांचा आवाज, मोबाइलवर गुणगुणलेली चाल, आणि वहीच्या पानाचा फोटो. फोटोत वरच्या कोपऱ्यात पेनने लिहिलेले असते, ‘काळी एक. भजनी ठेका.’ आणि खाली, ‘वरचा बिंदू म्हणजे तार’.