एकाच श्वासाची दोन वजने

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, चंदीगडजवळील पिंजौर येथे सतराव्या शतकात फिदाई खानाने उभारलेली मोगल बाग आहे. तिच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. खानाचा मुक्काम नकोसा झालेल्या स्थानिक राजाने गलगंड झालेल्या स्त्रियांच्या डोक्यावर फळांच्या टोपल्या देऊन त्यांना जनानखान्यात पाठविले. हा विकार येथल्या हवापाण्याचा, असे ऐकताच बेगमा भयभीत झाल्या आणि खानाने मुक्काम हलविला. गलगंड हवेमुळे नव्हे, तर मुख्यतः आयोडीनच्या अभावी होतो, हे आज आपण जाणतो. तरीही कथेतील एक गोष्ट मनाला सलते : ज्यांना जाणे शक्य होते ते गेले, टोपल्या वाहणाऱ्या मात्र तेथेच राहिल्या.

पिंजौरच्या आसपासची परवानू व बद्दी ही औद्योगिक गावे आज हवेची विहित मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या सरकारी यादीत आली आहेत. पण मर्यादा कोणती? हवेतील अतिसूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. अमेरिकेने २०२४ साली ९ हा आकडा ठरविला, युरोपीय संघाने २०३० साठी १०. भारताने २००९ साली ४० ठरविला होता. एखाद्या दिवशी हे प्रमाण ५८ भरले, तर आपल्या निर्देशांकात ती हवा ‘समाधानकारक’ आणि अमेरिकेच्या निर्देशांकात अपायकारक ठरते. हवा तीच, फुप्फुसेही तशीच. शब्द मात्र निराळे.

परमेश्वराला दोन प्रकारच्या वजनांचा वीट आहे, असे नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. तो दोष येथे लागतो काय? कोणी म्हणेल, गरीब राष्ट्राने गाठता येईल असेच ध्येय ठेवावे. यात तथ्य आहे. स्वतः आरोग्य संघटनेनेही ३५ पासून उतरत जाणाऱ्या पायऱ्या नेमून दिल्या आहेत. परंतु व्यापाऱ्याचे पाप त्याच्याजवळ हलके वजन असण्यात नाही. ते पुरे आहे असे सांगण्यात आहे. “आज आम्हांला एवढेच साधते, पण हे पुरेसे नाही,” ही प्रामाणिक कबुली होय. अपुऱ्याला ‘समाधानकारक’ म्हणणे ही मात्र स्वतःचीच फसवणूक आहे.

दूषित हवा हे कोणत्याही देशाचे प्राक्तन नव्हे. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये विषारी धुक्याने सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा पहिला अंदाज होता. १९५६ साली तेथे कायदा झाला. बीजिंगची हवाही २०१३ नंतरच्या कठोर उपायांनी बरीच सुधारली. दोन्हीकडे सुधारणेची सुरुवात सत्य मान्य करण्यातून झाली.

ज्याला परवडते तो आज खिडक्या लावून हवा शुद्ध करणारे यंत्र चालू करतो. रस्ता झाडणारी बाई आणि चौकातला पोलीस बाहेरच राहतात. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने दिलेले उत्तर आपल्याला ठाऊक आहे. देवाने मनुष्यात फुंकलेला श्वास एकच आहे. तो तोलताना तरी आपण दोन वजने बाळगू नयेत. आणि मंदिराच्या आवारात पालापाचोळा पेटविण्यापूर्वी तो धूर कोणाच्या छातीत जाणार आहे, हे क्षणभर मनात आणावे.